बघणारी बंदूक : 'डक हंट'ची जडणघडण

'डक हंट' हा निन्टेंडो या जपानी कंपनीने १९८४ साली आपल्या घरगुती व्हिडिओ गेमच्या यंत्रासाठी काढलेला नेमबाजीचा खेळ. पडद्यावर गवतातून बदके उडतात, खेळणारा प्लॅस्टिकची बंदूक टीव्हीकडे रोखून चाप ओढतो आणि नेम लागला की बदक खाली पडते. खेळाचा सगळा मामला एवढाच. तरीही त्याच्या जगभरात २ कोटी ८० लाखांहून अधिक प्रती गेल्या आणि प्रकाशबंदुकीचा खेळ म्हटला की आजही पहिले नाव त्याचेच निघते. त्यात कथा नाही आणि चढत जाणाऱ्या फेऱ्यांपलीकडे काही गाठायचेही नाही. मात्र त्या बंदुकीमागची युक्ती इतकी देखणी आहे की केवळ तिच्यासाठीही या खेळाकडे बारकाईने पाहावे.

प्रकाशाच्या साहाय्याने नेमबाजी खेळण्याची कल्पना टीव्हीपेक्षा जुनी नसली तरी घरोघरी टीव्ही येण्याच्या आधीची आहे. ज्यूकबॉक्स बनवणाऱ्या सीबर्ग या अमेरिकी कंपनीने १९३६ साली 'रे-ओ-लाइट' नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यातल्या बंदुकीतून प्रकाशाचा झोत निघे आणि सरकत्या बदकात बसवलेल्या प्रकाशसंवेदी नळीवर तो पडला की नेम लागल्याची नोंद होई. म्हणजे लक्ष्य म्हणून बदक तेव्हाही होतेच. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी उभारलेल्या संगणकांवर रडारच्या पडद्यावरचे ठिपके निवडायला प्रकाशबंदुका वापरल्या गेल्या. तिथे एक महत्त्वाचा बदल झाला होता. बंदूक प्रकाश सोडत नव्हती, ती पडद्यावरचा प्रकाश टिपत होती. हीच उलटी दिशा पुढच्या सगळ्या घरगुती खेळांनी उचलली.

घरच्या टीव्हीला जोडायच्या खेळांचे जनक मानले जाणारे राल्फ बेअर यांनी आपल्या सुरुवातीच्या नमुना यंत्राबरोबरच प्रकाशबंदूकही तयार केली होती. त्या नमुन्यावरून १९७२ साली मॅग्नाव्हॉक्स ओडिसी हे पहिले घरगुती यंत्र विक्रीला आले, आणि त्याच्यासाठी स्वतंत्रपणे विकली जाणारी एक लांब रायफलही. त्या रायफलीत एक ढळढळीत उणीव होती : कोणताही झगझगीत प्रकाश दिसला की ती नेम लागला असे समजे. खोलीतल्या दिव्यावर रोखली तरी गुण मिळत. 'डक हंट'च्या बंदुकीने ही पळवाट कशी बुजवली ते पुढे येईलच.

निन्टेंडोचा प्रकाशबंदुकीशी संबंध व्हिडिओ गेमच्याही आधीचा. क्योटो शहरात १८८९ पासून पत्ते बनवणारी ही कंपनी १९६० च्या दशकात खेळण्यांकडे वळली. तिथे गुनपेई योकोई नावाचा कल्पक अभियंता होता. शार्प कंपनीचे मासायुकी उएमुरा निन्टेंडोला सौर घट विकायला येत असत. सौर घटावर प्रकाश पडला की वीज निर्माण होते, मग वीज मिळवण्याऐवजी प्रकाश पडला की नाही हे ओळखायला तो वापरला तर? या विचारातून १९७० साली प्रकाशबंदुकीची खेळणी आली. उएमुरा पुढे निन्टेंडोतच रुजू झाले. १९७३ मध्ये कंपनीने ओस पडू लागलेल्या बोलिंगच्या दालनांमध्ये उडत्या चकत्यांच्या नेमबाजीची भव्य यंत्रणा बसवायला घेतली, पण त्याच वर्षीच्या तेलसंकटाने मागण्या रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात रुतली. त्यानंतर १९७६ साली आलेल्या एका खेळण्याचे नाव होते 'डक हंट'. एक छोटा प्रक्षेपक भिंतीवर उडत्या बदकाचे चित्र टाके, मुलाच्या हातातली बंदूक भिंतीवरून परतणारा प्रकाश टिपे आणि नेम बरोबर असला की भिंतीवरचे बदक कोसळे. आठ वर्षांनी आलेला व्हिडिओ गेम हा या खेळण्याचाच टीव्हीवरचा अवतार.

योकोई यांची एक धारणा प्रसिद्ध आहे. सर्वांत नव्या आणि महागड्या तंत्रज्ञानामागे धावण्यापेक्षा जुने, स्वस्त झालेले, खोड्या माहीत असलेले तंत्रज्ञान वेगळ्या कामाला लावावे. 'डक हंट' हे या धारणेचे उत्तम उदाहरण आहे. १९८४ मध्ये प्रकाश ओळखणाऱ्या घटकात नवे काहीच नव्हते. नवीन होती ती फक्त त्याला प्रश्न विचारण्याची रीत.

उएमुरा यांच्या चमूने घडवलेले फॅमिकॉम हे यंत्र जुलै १९८३ मध्ये जपानात आले. त्याच्यासाठीची बंदूक पुढच्या वर्षी, 'वाइल्ड गनमॅन' या खेळाबरोबर आली. ती दिसायला हुबेहूब काऊबॉयच्या रिव्हॉल्व्हरसारखी होती. एप्रिल १९८४ मध्ये 'डक हंट' आणि त्यानंतर लवकरच 'होगन्स अ‍ॅली' हे खेळ प्रसिद्ध झाले. 'डक हंट' योकोई यांच्या देखरेखीखाली निन्टेंडोच्या पहिल्या संशोधन विभागात तयार झाला. संगीत हिरोकाझू तानाका यांचे, पात्रांची चित्रे हिरोजी कियोताके यांची.

आता युक्तीकडे. ती समजण्यासाठी जुन्या, खोक्यासारख्या टीव्हीची पिक्चर ट्यूब कशी चालते ते ठाऊक हवे. त्या नळीच्या मागच्या टोकाकडून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतल्या बाजूच्या लेपावर आदळतो आणि तेवढी जागा क्षणभर उजळते. पान वाचताना नजर जशी डावीकडून उजवीकडे जाऊन पुढच्या ओळीवर उतरते, तसा हा झोत वरपासून खालपर्यंत एकेक ओळ रंगवत जातो. जपान आणि अमेरिकेतल्या टीव्हीवर तो सेकंदाला सुमारे ६० वेळा सगळा पडदा पूर्ण करतो. एका चित्राला लागणारा वेळ सुमारे १६.७ मिलिसेकंद. कोणत्याही एका क्षणी प्रत्यक्षात उजळलेली असते ती पडद्याची एक अरुंद पट्टी. उरलेले चित्र आपला डोळाच भरून काढतो.

'डक हंट'च्या बंदुकीच्या नळीत पुढे एक भिंग असते आणि त्याच्या मागे प्रकाश ओळखणारा छोटा घटक, म्हणजे फोटोडायोड. चाप ओढल्याची खबर तारेतून यंत्राला मिळते. यंत्र लगेच पडदा संपूर्ण काळा करते. पुढच्या चित्रात बाकी पडदा काळाच राहतो, पण बदक जिथे असेल तिथे एक पांढरा चौकोन रंगवला जातो. बंदुकीला आधी काळोख दिसला आणि मग उजेड दिसला, तर तिचे तोंड बदकाकडे होते असा अर्थ. नेम लागला. दोन्ही वेळा काळोखच दिसला तर नेम चुकला. हे सगळे एका सेकंदाच्या विसाव्या भागात आटोपते आणि खेळ पूर्ववत सुरू होतो. खेळणाऱ्याला फक्त एक लुकलुक जाणवते, आणि गोळी झाडल्यावर झालेला तो चमकारा असेल असे वाटून जाते. यंत्राला लपवायची होती ती गोष्ट खेळाचाच भाग होऊन बसते. रचनेतली इतकी सोयीस्कर सांगड क्वचितच जमते.

पहिल्या काळ्या चित्राचे काम इथे कळते. ओडिसीच्या रायफलीला दिवा दाखवून फसवता येत असे. इथे दिव्याकडे बंदूक रोखली तर तिला काळोखाच्या वेळीही उजेडच दिसतो आणि यंत्र तो नेम धरत नाही. त्याच्या जोडीला बंदुकीच्या आतही एक चाळणी आहे. पिक्चर ट्यूबवर सेकंदाला सुमारे १५,७०० ओळी रंगवल्या जातात, त्यामुळे तिच्या प्रकाशाला त्याच वेगाची थरथर असते. बंदुकीतले सर्किट याच थरथरीला दाद देते. खिडकीतले ऊन, ट्यूबलाइट, बल्ब यांचा प्रकाश कितीही प्रखर असला तरी त्याला ही थरथर नसल्याने तो गाळला जातो. म्हणजे फसवणुकीविरुद्ध दोन कुलुपे, एक खेळाच्या प्रोग्रॅममध्ये आणि दुसरे बंदुकीच्या पोटात.

पडद्यावर दोन बदके असतील तेव्हा कोणते मेले हे कसे ठरते? आधी काळे चित्र. मग एका चित्रात फक्त पहिल्या बदकाच्या जागी चौकोन, आणि त्याच्या पुढच्या चित्रात फक्त दुसऱ्याच्या जागी. बंदुकीला उजेड कोणत्या पाळीत दिसला यावरून बदक ओळखता येते. बंदूक कुठे रोखली आहे याचे मोजमाप कुठेच होत नाही. यंत्र तिला फक्त 'आता दिसतंय का?' एवढेच विचारते आणि तिचे उत्तर हो किंवा नाही इतकेच असते. जागेचा प्रश्न वेळेच्या प्रश्नात बदलून टाकणे हा या रचनेचा गाभा आहे. फॅमिकॉमसारख्या तुटपुंज्या ताकदीच्या यंत्राला ते सहज पेलले, कारण गणित जवळजवळ काहीच उरले नव्हते.

या रचनेमुळे बंदुकीचे तोंड पडद्याला जवळजवळ टेकवून खेळणाऱ्याला फायदा मिळे. जवळून पाहताना चौकोन नजरेच्या मोठ्या भागात येतो आणि नेम थोडा हलला तरी चालतो. जगभरच्या मुलांनी ही चलाखी कोणी न शिकवता शोधली आणि जगभरच्या आयांनी टीव्हीच्या काचेला नाक लावून बसल्याबद्दल त्यांना रागे भरले.

खेळ स्वतः तीन प्रकारांत आहे. पहिल्यात एका वेळी एक बदक उडते, दुसऱ्यात दोन, आणि तिसऱ्यात बदकांऐवजी दूर जात लहान होणाऱ्या मातीच्या चकत्या. प्रत्येक पाळीला तीनच गोळ्या. एका फेरीत दहा बदके येतात आणि पुढे जायला त्यांतली ठरावीक संख्या पाडावी लागते. सुरुवातीला दहापैकी सहा पुरतात. पुढे ही अट चढत जाते आणि विसाव्या फेरीपासून दहाच्या दहा लागतात. बदकांचा वेगही वाढत राहतो. रंगानुसार गुण वेगळे, लाल बदक सर्वांत मोलाचे. वेळेत नेम लागला नाही तर आकाश गुलाबीसर होते आणि बदक उडून जाते. पहिल्या प्रकारात दुसरा खेळाडू साध्या कंट्रोलरने बदकाला हवे तिकडे वळवू शकतो, ही गंमत अनेकांना वर्षानुवर्षे माहीतच नव्हती. ९९ वी फेरी पार केली की फेरीचा आकडा शून्यावर जातो आणि खेळ नीट चालेनासा होतो. तिथवर कोणी पोहोचेल हे करणाऱ्यांनी बहुधा गृहीतच धरले नव्हते.

आणि कुत्रा. सुरुवातीला तो हुंगत हुंगत येतो, कान टवकारतो आणि गवतात उडी मारून बदके उडवतो. नेम लागला तर पडलेली बदके हातात धरून अभिमानाने वर येतो. एकही लागले नाही तर तोंडावर पंजा धरून खिदळतो. हे खिदळणे खेळाडूंच्या इतके वर्मी लागले की कुत्र्यावर बंदूक रोखली नाही असा खेळाडू सापडणे कठीण. घरच्या खेळात कितीही चाप ओढला तरी त्याला काही होत नाही. नाणे टाकून खेळायच्या आर्केड आवृत्तीत मात्र, 'व्हीएस. डक हंट'मध्ये, बोनस फेरीत तो बदकांच्या मध्ये उड्या मारतो आणि तिथे त्याला गोळी लागू शकते. पराभवाला चेहरा देणे हे या खेळाचे मोठे यश आहे. 'तुम्ही हरलात' अशी पाटी कोणाच्या लक्षात राहत नाही, पण हसणारा कुत्रा चाळीस वर्षांनंतरही लोकांच्या डोक्यात आहे.

अमेरिकेत या खेळाला मोठे काम करायचे होते. १९८३ मध्ये तिथली व्हिडिओ गेमची बाजारपेठ कोसळली होती आणि दुकानदार नव्या यंत्राचे नावही काढू देत नव्हते. निन्टेंडोने फॅमिकॉमचे बाह्यरूप बदलून ते 'निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम' म्हणून ऑक्टोबर १९८५ मध्ये न्यूयॉर्क परिसरात विक्रीला ठेवले. मोठ्या संचात 'रॉब' नावाचा एक छोटा यंत्रमानव, 'झॅपर' नाव मिळालेली बंदूक, आणि दोन खेळ होते; त्यांतला एक 'डक हंट'. यंत्रमानव आणि बंदूक पाहून दुकानदारांना हे नेहमीच्या व्हिडिओ गेमपेक्षा वेगळे खेळणे वाटावे, असा हेतू होता. रॉबलाही आज्ञा मिळत त्या टीव्हीच्या पडद्याच्या लुकलुकण्यातूनच. रॉब लवकरच अडगळीत गेला, बंदूक टिकली. पुढे 'सुपर मारिओ ब्रदर्स' आणि 'डक हंट' एकाच कार्ट्रिजवर घालून ते यंत्रासोबत दिले जाऊ लागले. २ कोटी ८० लाख या आकड्यामागे ही सोबत मिळणारी प्रत आहे, हे लक्षात ठेवायला हवे. लोकांनी मारिओसाठी यंत्र घेतले आणि बदके त्याबरोबर घरात आली.

अमेरिकेतल्या झॅपरचे रूप काऊबॉयच्या पिस्तुलासारखे न ठेवता विज्ञानकथेतल्या शस्त्रासारखे केले होते. ती आधी करड्या रंगाची होती. खेळण्यातल्या बंदुका खऱ्या वाटू नयेत म्हणून त्यांवर भडक नारिंगी खूण असावी असा कायदा अमेरिकेत झाल्यावर १९८९ च्या सुमारास ती नारिंगी झाली. चाप ओढताना होणारा स्प्रिंगचा खणखणीत 'खटॅक' आवाज दोन्ही रंगांत सारखाच. तो आवाज आणि त्याच क्षणी पडद्याची लुकलुक, या दोहोंमुळेच हातातल्या हलक्या प्लॅस्टिकला वजन येई.

भारतात निन्टेंडोचे अस्सल यंत्र फार थोड्या घरांत पोहोचले. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांनी 'डक हंट' पाहिला तो १९९० च्या दशकात, फॅमिकॉमची नक्कल केलेल्या स्वस्त यंत्रांवर. 'टीव्ही गेम' या नावाने ती बाजारात मिळत. कार्ट्रिजला सगळे 'कॅसेट' म्हणत, आणि कॅसेटवर '९९९९९ इन १' असे काहीतरी छापलेले असे. यादी उघडली की तेच मोजके खेळ निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत. मारिओ, 'कॉन्ट्रा' आणि बदकांचा खेळ त्यांत हमखास असत. बऱ्याच संचांसोबत काळ्या पिस्तुलासारखी बंदूक येई. इथला टीव्ही पाल पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला ५० चित्रे आणि १५,६२५ ओळी दाखवणारा. त्यामुळे प्रत्येक चित्राला २० मिलिसेकंद मिळत. युक्तीचा क्रम मात्र तसाच राही, कारण तो चित्रांच्या पाळीवर अवलंबून आहे, सेकंदांवर नाही. ओळींचा वेगही इतका जवळचा की बंदुकीच्या चाळणीला फरक पडत नसे.

पुढच्या प्रकाशबंदुका अधिक हुशार झाल्या. झोत पडद्यावर कोणत्या क्षणी कुठे असतो हे यंत्राला माहीत असते. बंदुकीला झोत नेमका कधी दिसला हे पुरेशा अचूकपणे मोजले, तर ती कुठे रोखली आहे ती जागाच कळते. निन्टेंडोची १९९२ ची सुपर स्कोप आणि प्लेस्टेशनसाठी नामकोने काढलेली गनकॉन या बंदुका याच तत्त्वावर चालत. पडदा काळा करण्याची गरज उरली नाही आणि लक्ष्ये कितीही असली तरी चालू लागले. पण त्यांनाही हवा होता तो झोत, आणि झोत होता फक्त पिक्चर ट्यूबमध्ये.

सपाट पडदे आले आणि ही सगळी रचना एका दमात निकामी झाली. एलसीडी किंवा एलईडी टीव्हीमध्ये ओळी रंगवणारा झोत नसतो, त्यामुळे ती १५ हजारांची थरथरही नसते आणि बंदुकीची चाळणी येणारा प्रकाश गाळून टाकते. त्यातच हे टीव्ही आलेले चित्र आधी आत घेऊन मोठे करतात, साफ करतात आणि मग दाखवतात. यात अनेक मिलिसेकंद जातात. यंत्र विचारते त्या क्षणी पांढरा चौकोन पडद्यावर आलेलाच नसतो. तो येतो तेव्हा यंत्राने नेम चुकल्याचा निकाल देऊन टाकलेला असतो. बंदूक धडधाकट, खेळ धडधाकट, तरी एकही बदक पडत नाही. जुना संच सपाट टीव्हीला जोडून निराश झालेल्यांचा दोष त्यांच्या नेमाचा नसतो.

२०१४ साली निन्टेंडोने हा खेळ 'वी यू' या यंत्रावर पुन्हा उपलब्ध करून दिला, तेव्हा बंदुकीची जागा वी रिमोटने घेतली. रिमोटच्या टोकाला इन्फ्रारेड किरण पाहणारा छोटा कॅमेरा असतो. टीव्हीजवळ ठेवलेल्या पट्टीतले दिवे त्याला कुठे दिसतात यावरून रोख ठरतो. त्याच वर्षी कुत्रा आणि बदक 'सुपर स्मॅश ब्रदर्स' या मालिकेत जोडीने लढणारे पात्र म्हणून आले. अलीकडच्या काळात काही उत्पादकांनी सपाट पडद्यांसाठी कॅमेऱ्याच्या बंदुकाही काढल्या आहेत. खेळाच्या चित्राभोवती पांढरी चौकट काढायची आणि कॅमेऱ्याने ती ओळखून रोख ठरवायचा, अशी त्यांची पद्धत.

मूळ कार्ट्रिज आणि मूळ झॅपर यांच्यावर 'डक हंट' जसा १९८५ मध्ये चाले तसाच आजही चालतो. त्याला लागते ती पिक्चर ट्यूबच्या टीव्हीची साथ, आणि तसे टीव्ही आता कोणी बनवत नाही. कोणाच्या माळ्यावर चालू स्थितीतला खोक्याचा टीव्ही पडून असेल, तर तो भंगारवाल्याला देण्याआधी जुने खेळ जपणाऱ्या एखाद्या संग्राहकाला विचारून पाहावे.